ट्रायथलॉनचा वेटसूट : घालणं, काढणं आणि सांभाळणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यातली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉनची शर्यत (पोहणं, सायकल आणि धावणं मिळून ७०.३ मैल) पूर्ण करून आता परदेशातल्या थंड पाण्यातल्या शर्यतीसाठी नाव नोंदवलंय, अशांसाठी हे पान आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक, मुंबईतून दरवर्षी अनेक जण स्वीडनमधल्या काल्मारला, जर्मनीतल्या हाम्बुर्गला, ऑस्ट्रेलियातल्या बसेल्टनला जातात. त्यांची सायकल आणि धावणं पक्कं असतं. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात पोहताना घालायचा रबरी पोशाख, मात्र बऱ्याच जणांच्या अंगावर पहिल्यांदा चढतो तो शर्यतीच्या आदल्या दिवशी, कधी कधी तर शर्यतीच्याच पहाटे. आपण कोमट पाण्यात पोहणारी माणसं. त्यामुळे या कपड्याची सवय आपसूक होत नाही, ती ठरवून करावी लागते. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

गोव्याच्या शर्यतीला वेटसूट घ्यावा का?

नको. २०१९पासून पणजीत मिरामारला होणाऱ्या या शर्यतीत समुद्राचं पाणी वेटसूटच्या मर्यादेपेक्षा बरंच गरम असतं. तिथे ट्रायसूट, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं तिन्हींसाठीचा एकच पोशाख, पुरेसा होतो. पोहण्याची आणखी तयारी करायची तर वर स्विमस्किन घालता येतो. तो कापडी असतो, त्यात वेटसूटचं रबर, म्हणजे निओप्रीन, नसतं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या समुद्री स्पर्धेतही लोक साध्या पोहण्याच्या पोशाखातच उतरतात.

मग वेटसूट कुठे चालतो? नियम काय?

नियम पाण्याच्या तापमानावर ठरतात आणि दोन मोठ्या व्यवस्थांचे आकडे वेगळे आहेत, म्हणून गोंधळ होतो. आयर्नमॅनच्या शर्यतींत वयोगटातल्या (म्हणजे हौशी) स्पर्धकांना पाणी २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट चालतो. काही शर्यतींत त्याच्या वर २८.८ अंशांपर्यंत वेटसूट घालू देतात, पण मग बक्षिसाचा आणि जागतिक अजिंक्यपदाच्या जागेचा हक्क सोडावा लागतो. त्याहून गरम पाण्यात पूर्ण बंदी. पाणी १६ अंशांच्या खाली गेलं तर उलट वेटसूट सक्तीचा होतो.

वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांखाली होणाऱ्या १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात वयोगटासाठी मर्यादा २२ अंश आहे, अव्वल व्यावसायिकांसाठी २० अंश. दोन्हीकडे निओप्रीनची जाडी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी लागते. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या पद्धतीत पाणी शर्यतीच्या एक तास आधी, ६० सेंटिमीटर खोलीवर मोजतात. म्हणजे अंतिम निर्णय त्याच पहाटे कळतो.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे : वेटसूटशिवाय ते अंतर पोहता आलंच पाहिजे. ऑस्ट्रियात क्लागेनफुर्टची शर्यत ज्या वोर्थरझे तलावात होते तो आल्प्समधला असूनही उन्हाळ्यात चांगला तापतो. वेटसूट आहे म्हणून तिथलं ३.८ किलोमीटरचं पोहणं कसंतरी निभेल, या हिशेबावर तिथे जाऊ नका. नियमपत्रिका दरवर्षी बदलू शकते, तेव्हा आपल्या शर्यतीची ताजी स्पर्धक-पुस्तिका वाचाच. हातमोजे आयर्नमॅनमध्ये चालत नाहीत आणि निओप्रीनचे पायमोजे फक्त पाणी बरंच थंड असेल तरच चालतात, हेही त्यातच मिळेल.

आत पाणी शिरतंच, मग ऊब कशी मिळते?

निओप्रीन म्हणजे फेसाळ रबर. त्यात वायूचे लाखो बंद बुडबुडे असतात आणि शरीराची उष्णता अडवायचं काम मुख्यतः तेच करतात. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो आणि तिथेच राहतो. अमेरिकेत बर्कलीला काम करणारे पदार्थविज्ञानाचे संशोधक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५२च्या सुमारास हेच ओळखलं : माणूस कोरडा राहण्याची गरज नाही, कपड्यात वायू अडकलेला असला की पुरे. निओप्रीन त्याच्या बरंच आधी, १९३०मध्ये, ड्युपाँ कंपनीत तयार झालं होतं. खास ट्रायथलॉनसाठीचा वेटसूट मात्र १९८७चा. डॅन एम्पफील्ड यांनी क्विंटाना रू या नावाखाली तो बाजारात आणला.

हे कळलं की पुढचे बरेच नियम आपोआप समजतात. सूट सैल असेल तर आतलं तापलेलं पाणी प्रत्येक हातासरशी बाहेर जातं आणि थंड पाणी आत येतं. आतले बुडबुडे चेपले, फुटले, रबर उन्हाने कडक झालं, की ऊबही कमी होते आणि तरंगणंही.

मित्राकडे डायव्हिंगचा किंवा सर्फिंगचा वेटसूट आहे. तो चालेल?

पोहण्यासाठी नाही. त्यांच्यावर बाहेरून नायलॉनचं कापड असतं, ते पाणी ओढतं आणि पाण्याला अडवतं. खांदेही जाड असतात. ट्रायथलॉनचा सूट बाहेरून गुळगुळीत, छाती-मांड्यांना ३ ते ५ मिलिमीटर आणि खांदे-काखांना साधारण १.५ ते २ मिलिमीटरच जाड असतो, म्हणजे हात मोकळा फिरतो. डायव्हिंगच्या सुटात अर्धा तास फ्रीस्टाइल करून पाहिली तर खांदे काय ते सांगतील. शिवाय काही डायव्हिंग सूट ५ मिलिमीटरपेक्षा जाड असतात, मग ते नियमातच बसत नाहीत.

वेटसूटने वेग वाढतो का?

वाढतो, पण सगळ्यांचा सारखा नाही. ज्याचे पाय पोहताना खाली बुडतात त्याला सर्वांत जास्त फायदा, कारण सूट कंबर आणि मांड्या वर उचलून धरतो. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना ही भावना लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की इथे आधार पाठीला नाही, पूर्ण अंगाला मिळतो. जो आधीच पाण्यावर आडवा, सपाट पोहतो त्याला थोडाच फायदा होतो.

तरंगणं वाढल्याने पाय मारण्याची सवय बदलते. पाय इतके वर येतात की जोरात मारलेली लाथ हवेतच जाते. खाऱ्या पाण्यात हे आणखी जाणवतं. पाय हलके ठेवा, ते पुढे सायकलला लागणारच आहेत. खांद्यांवर मात्र ताण वाढतो, कारण प्रत्येक वेळी हात पुढे नेताना रबर ताणावं लागतं. सुटात सलग ४० मिनिटं पोहण्याचा सराव नसेल तर दुसऱ्या किलोमीटरनंतर खांदे भरून येतात, दम चांगला असला तरी.

मापाचा योग्य कसा ओळखायचा?

प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. उंची, वजन आणि छातीचं माप तिन्ही पाहा. एका कंपनीचा ‘मध्यम’ बसला म्हणून दुसऱ्याचा बसेल असं धरू नका. दोन मापांच्या मध्ये असाल तर कंपनीलाच विचारा. बहुतेक जण उत्तर देतात.

कोरड्या अंगावर सूट घट्टच वाटला पाहिजे. पाण्यात तो किंचित सैलावतो. आरशासमोर उभं राहून पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत : कंबरेच्या खोलगट भागात पाठीमागे पोकळी नको, काखेत लोंबणारं रबर नको, मांड्यांच्या सांध्यात फट नको, मानेभोवती कड चिकटून बसलेली हवी पण गिळताना टोचायला नको. हात डोक्यावर सरळ वर न्या. खांदा मागे खेचला जात असेल तर आधी सूट नीट वर ओढलाय का ते तपासा, कारण दहातल्या आठ वेळा माप बरोबर असतं, घालणं अर्धवट असतं. नीट घालूनही खेचत असेल तरच मोठं माप.

पोट सुटलेल्यांनी केवळ पोटासाठी मोठं माप घेतलं तर काख आणि मान सैल पडते. अशांसाठी काही कंपन्या उंची तीच ठेवून रुंद माप काढतात, ते शोधावं.

पूर्ण बाह्यांचा घ्यावा की बिनबाह्यांचा?

युरोपातल्या शर्यतींसाठी पूर्ण बाह्यांचाच. खांदे आखडणाऱ्यांना बिनबाह्यांचा सोपा जातो आणि २२–२३ अंशांच्या पाण्यात तो आरामाचाही असतो, पण काखेतून पाणी शिरतं. एकच सूट घ्यायचा असेल तर पूर्ण बाह्यांचा.

आत काय घालायचं?

ट्रायसूट. पोहून झाल्यावर कपडे बदलण्यात वेळ जात नाही. ट्रायसूटला बाह्या असतील तर वेटसूटची बाही चढवताना त्या आत गोळा होतात आणि काखेत काचतात. त्या बोटांनी धरून ठेवायच्या आणि मग वेटसूट वर घ्यायचा. खिशात खायच्या जेलची पाकिटं ठेवून वर वेटसूट घालू नका, पाठीला टोचतं आणि रबरही ताणलं जातं. स्त्रियांनी स्पोर्ट्‌स ब्रा अशी निवडावी की तिची शिवण वेटसूटच्या चेनखाली येणार नाही. लांब केस आधी घट्ट बांधून टोपीत घ्यावेत, नाहीतर चेनमध्ये अडकतात.

घालायचा कसा? दरवेळी घामाघूम होतं.

घाई केली की घाम येतो आणि घामेजल्या अंगावर तो सरकतच नाही. पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. सावलीत किंवा पंख्याखाली, कोरड्या अंगाने सुरुवात करा.

चेन बहुतेक सुटांत मागे असते. ती पूर्ण उघडा. सूट कंबरेपर्यंत उलटा करा. पायाला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली की पाय सहज शिरतो. पाय बाहेर आल्यावर पिशवी काढून दुसऱ्या पायाला. पायाची कड घोट्याच्या वर, दोन-तीन बोटं उंच येऊ द्या. मग रबर हातात घेऊन थोडं थोडं वर सरकवायचं : पोटरी, गुडघा, मांडी. एकदम कमरेला धरून हिसका द्यायचा नाही. मांड्यांच्या सांध्यात सूट अगदी वर, अंगाला लागेपर्यंत आला पाहिजे. ही पायरी नीट झाली नाही तर पुढे सगळं चुकतं. खाली राहिलेलं दोन इंच रबर खांद्यांनी वर खेचायला लागतं, छाती दबते आणि पाण्यात गेल्यावर माणूस म्हणतो की सूट छोटा आहे.

आता पोट आणि कंबर. मग हात, पुन्हा पिशवी घालून. बाही मनगटाच्या थोडी वर राहिली तरी हरकत नाही. मनगटाकडून वर, काखेपर्यंत रबर सरकवत आणायचं, म्हणजे खांद्यावर जादा रबर साठतं. तेच हवं आहे. हात फिरवायला जागा त्यानेच मिळते.

चेन लावायला कुणाची तरी मदत घ्या. छाती पुढे काढून, खांद्याची पाती मागे जवळ आणून उभं राहायचं. मदत करणाऱ्याने एका हाताने चेनखालचं कापड धरावं आणि दुसऱ्याने चेन वर घ्यावी. ट्रायसूटचं कापड किंवा पाठीची कातडी अडकू नये याकडे लक्ष द्यावं. काही सुटांत चेन वरून खाली बंद होते, म्हणजे काढताना ती वर ओढावी लागते. घालायच्या आधी आपली कोणत्या दिशेची हे पाहून ठेवा. मानेचा वेल्क्रो असा दाबायचा की त्याची खरखरीत बाजू कातडीला लागणार नाही. चेनचा लांब दोर वेल्क्रोखाली अडकवून ठेवा, मोकळा सोडला तर गर्दीत कुणाच्या तरी हाताला लागतो.

शेवटी खाली वाका, पाण्यात उतरा, मानेची कड बोटाने पुढे ओढून थोडं पाणी आत घ्या. ते पोटापर्यंत उतरलं की उभं राहून अंगावरून हात फिरवत जादा पाणी आणि हवा बाहेर काढा. सूट अंगाला बसतो, आणि थंडीचा पहिला झटका शर्यतीच्या आधीच अंगावर घेऊन होतो.

नखांनी चीर पडते म्हणतात, एवढं नाजूक असतं का?

हो. बाहेरचं गुळगुळीत आवरण पातळ असतं आणि नखाचा अर्धचंद्र त्यात सहज उमटतो. सूट धरायचा तो बोटांच्या गादीने, तळव्याने. चिमटीत नखं रोवून नाही. आदल्या दिवशी हातापायाची नखं कापून घासून ठेवा. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. काही सुटांबरोबर पातळ सुती हातमोजे मिळतात. नसतील तर कोणतेही साधे सुती मोजे चालतील. घड्याळ बाहीखाली लावायचं असेल तर बाही चढवण्याआधी लावा.

मान आणि काख सोलपटते. व्हॅसलीन लावू की खोबरेल?

दोन्ही टाळा. बहुतेक कंपन्या पेट्रोलियम जेली निओप्रीनला आणि त्याच्या चिकटवलेल्या जोडांना चालत नाही असं सांगतात, आणि ती लावल्याने सूट खराब झाला तर हमी मिळत नाही. खोबरेल घरात हाताशी असतं, पण ते अंगावरून सुटाच्या आत पसरतं, धुऊन निघत नाही आणि पुढे त्याचा खवट वास येतो. तेलकट हात गॉगलच्या काचेला लागले तर पोहताना काही दिसत नाही, ते निराळंच. निओप्रीनला चालणारी वंगणाची काडी किंवा स्प्रे घ्या, पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित. लावायच्या जागा : मानेभोवती पूर्ण गोल, विशेषतः ज्या बाजूला श्वास घेता त्या बाजूला, काखा, घोटे आणि मनगटं. घोटे-मनगटांना काढताना उपयोग होतो. समुद्रात मानेला जास्त त्रास होतो, कारण मिठाचं पाणी आणि रबर मिळून कातडी घासतात.

पाण्यात उतरल्यावर छाती आवळते, श्वास कोंडतो. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि सगळ्यांत जास्त काळजीचा आहे. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिली, सूट नीट वर चढलेला नसतो. ओटीपोटाकडून रबर वर सरकवलं की छाती मोकळी होते. पाण्यात उभं राहूनही हे करता येतं.

दुसरी, थंड पाण्याचा झटका. चेहरा आणि छाती थंड पाण्यात गेली की श्वास आपोआप वेगात, उथळ होतो. इच्छाशक्तीने तो थांबत नाही, पण एक-दोन मिनिटांत आपोआप शांत होतो. तेवढा वेळ पोहायचंच नाही. शर्यतीआधी सराव-पोहण्याला परवानगी असेल तर ते चुकवू नका. नसेल तर चेहऱ्यावर आणि मानेत पाणी मारून घ्या. मग चेहरा पाण्यात घालून फक्त बुडबुडे सोडा, लांब उच्छ्वास. सुरुवात गर्दीच्या कडेने आणि हळू करा. कधीही थांबावंसं वाटलं तर पाठीवर वळा. सूट तुम्हाला बुडू देणार नाही. हात वर केला की जीवरक्षक येतात. जीवरक्षकांच्या कयाकला (छोट्या होडीला) धरून विश्रांती घेतली तर बाद होत नाही, फक्त त्या आधाराने पुढे सरकायचं नसतं.

तिसरी गोष्ट क्वचित घडते पण गंभीर आहे. पोहताना काहींच्या फुप्फुसात पाणी साचू लागतं. थंड पाणी, फार घट्ट सूट, वाढलेला रक्तदाब, शर्यतीआधी गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं यांनी धोका वाढतो. थांबूनही धाप कमी होत नाही, खोकला येतो, छातीत घरघर होते, थुंकी फेसाळ किंवा गुलाबी दिसते. अशा वेळी ‘घाबरलो असेन’ म्हणून पुढे पोहू नका. हात वर करा, बाहेर पडा, वैद्यकीय तंबूत जा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी थंड पाण्यातल्या शर्यतीआधी डॉक्टरांशी हे स्पष्ट बोलून घ्यावं.

महाराष्ट्रात वेटसूटचा सराव करायचा कुठे? इथे तर पाणीच गरम.

काही भाग घरातच करता येतो आणि तोच बहुतेक लोक सोडतात. पंख्याखाली किंवा एसी लावून सूट घालण्याचा सराव करा, दोन-तीनदा नव्हे, हात आपोआप चालेपर्यंत. मग न्हाणीघरात जाऊन मानेतून गार पाणी आत सोडा आणि ओला सूट काढून पाहा. शर्यतीत तो ओलाच काढायचा असतो.

पोहण्यासाठी डिसेंबर-जानेवारीची पहाट धरा. पुण्या-नाशकातल्या उघड्या, न तापवलेल्या तलावांचं पाणी तेव्हा चांगलं थंड असतं. क्लोरीनने निओप्रीनचं आयुष्य कमी होतं, पण चार वेळा पोहून नीट धुतलं तर काही बिघडत नाही. सरावाचं मोल त्याहून जास्त आहे. तलावाच्या व्यवस्थापकाला आधी विचारून घ्या.

एप्रिल-मेमध्ये, गरम पाण्यात, वेटसूट घालून लांब पोहणं टाळा. शर्यतींत कमाल तापमानाचा नियम आहे तो याच कारणाने : शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, पाण्यात घाम जाणवत नाही, आणि चक्कर येईपर्यंत माणसाला कळत नाही. जूनची शर्यत असेल आणि मेमध्ये सराव करायचाच असेल तर भल्या पहाटे, दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा आणि मध्ये मानेतून पाणी आत घ्या.

कोल्हापूरकरांना तलाव जवळ आहेत, कोकणात समुद्र आहे. कुठेही उतरलात तरी स्थानिक परवानगी घ्या, धरणाच्या दरवाजांपासून आणि विसर्गापासून लांब राहा, एकटे जाऊ नका. काळा सूट काळ्या पाण्यात दिसत नाही, म्हणून भडक रंगाची टोपी आणि कमरेला बांधायचा फुगा हवाच.

हे काहीच जमलं नाही तर शर्यतीच्या गावी तीन-चार दिवस आधी पोहोचा आणि तिथल्या पाण्यात किमान दोनदा उतरा.

झटपट काढायचा कसा?

पाण्यातून उभं राहताच चेनचा दोर शोधा. आत पाणी असतं तोवर सूट अंगावरून घसरतो. दोन मिनिटांनी तोच चिकटून बसतो. चालता चालता वेल्क्रो, चेन, खांदे, मग बाह्या उलट्या करत कमरेपर्यंत. ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली ठेवलेल्या जागी, पोहोचल्यावर दोन्ही हातांनी नितंबांखाली ढकलायचा, एक पाय अर्धा बाहेर काढायचा आणि दुसऱ्या पायाने जमिनीवरच्या रबरावर उभं राहून तो ओढून घ्यायचा. टाचेशी अडकला तर बसा. एका पायावर उड्या मारताना पोटरीत गोळा येतो. काही शर्यतींत सूट ओढून काढायला स्वयंसेवक असतात. त्यांच्यापुढे पाठीवर झोपायचं, पाय वर करायचे आणि ट्रायसूट कमरेला घट्ट धरून ठेवायचा.

टायमिंग चिप (वेळ नोंदवणारी, पट्ट्याने बांधायची) सुटाच्या वर की खाली?

घोट्याला उघड्या कातडीवर बांधा आणि सुटाची कड तिच्या वर ठेवा. काढताना सुटाचा पाय चिपवरून सरकतो. पट्टा घोट्यालाच घट्ट असावा.

आत लघवी झाली तर?

लांब पोहण्यात, थंड पाण्यात अनेकांना होते. शरीर थंडीत तसंच वागतं. लाजण्यासारखं काही नाही, फक्त त्याच दिवशी सूट आतून नीट धुवा. भाड्याच्या सुटात मात्र कृपया टाळा.

धुवायचा आणि वाळवायचा कसा?

साध्या गार पाण्याने, आतून-बाहेरून. समुद्रात पोहला असाल तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, म्हणजे शिवणींतलं मीठ निघतं. गरम पाणी, वॉशिंग मशीन, कपड्यांची पावडर, ब्लीच, ब्रश, काहीही नको. पिळायचा नाही. वास येत असेल तर वेटसूटसाठीचा शाम्पू किंवा लहान मुलांचा सौम्य शाम्पू थोडासा पाण्यात घालून आतून हात फिरवा.

आधी उलटा करून आतली बाजू वाळवा, मग सुलटा. सावलीत, वारा लागेल तिथे. आपल्याकडे कपडा धुतला की गच्चीवर कडक उन्हात टाकायची सवय आहे, आणि घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने सूटही तसाच टाकलेला असतो. उन्हाने रबर कडक होतं, चिरा पडतात. घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. तारेवर चिमटे लावून टांगू नका, पातळ तारेच्या हँगरवर खांद्यांनी लटकवू नका. ओल्या सुटाचं वजन खांद्यांच्या पातळ भागावर येतं आणि ते कायमचे ताणले जातात. जाड हँगरच्या दांडीवर कमरेत दुमडून टाका.

पावसाळ्यात बुरशी येते. उपाय?

कोकणात आणि मुंबईत हा खरा त्रास आहे. कपाटात ठेवण्याआधी सूट दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. हाताला कोरडा लागला तरी शिवणी ओल्या असतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. आषाढ-श्रावणात पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून हवेला टाका. डाग दिसले तर सौम्य शाम्पूच्या पाण्याने पुसा आणि पुन्हा वाळवा. बऱ्याच महिन्यांसाठी ठेवायचा असेल तर सैल गुंडाळी करा किंवा जाड हँगरवर मोकळा सोडा. घडी घालून वर सामान ठेवलं तर तिथे कायमची घडी पडते आणि तो भाग पातळ होतो. गाडीच्या डिकीत तर एक दिवससुद्धा नको.

विमानाने नेताना?

सायकलच्या खोक्यात टाकू नका. खोकं एखादा दिवस उशिरा येऊ शकतं, आणि पेडलच्या टोकाने सूट फाटतो. सूट, गॉगल, टोपी, सायकलचे बूट हे हातातल्या सामानात. टॉवेलभोवती सैल गुंडाळला की घडी पडत नाही.

चीर पडली. टाकून द्यावा का?

अजिबात नाही. नखाची चीर घरी दुरुस्त होते. निओप्रीनसाठी वेगळा काळा डिंक मिळतो, तोच वापरा. सूट पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा. चीर हलकेच उघडी धरून दोन्ही कडांना काडीने पातळ थर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, पुन्हा थर लावा, चिकट वाटू लागला की कडा एकमेकींना बरोबर जुळवून दाबा. वेळा डिंकाच्या डबीवर दिलेल्या असतात, त्या पाळा. एक दिवस हात लावू नका. चीर आरपार असेल तर आतून पातळ पट्टीही लावावी लागते. शिवण उसवली किंवा चेन निघाली तर घरी प्रयोग नकोत, कंपनीकडे पाठवा. शर्यतीला आठवडाभर असेल तेव्हाच सगळ्या शिवणी उजेडात तपासून घ्या.

विकत घ्यावा, जुना घ्यावा की भाड्याने?

एकच शर्यत करायची असेल तर भाड्याने घेणं शहाणपणाचं. युरोपातल्या बऱ्याच मोठ्या शर्यतींजवळ तशी सोय असते, पण माप महिनाभर आधी कळवून नोंदवा आणि मिळताच पोहून पाहा. दरवर्षी थंड पाण्यात जाणार असाल तर विकत. बाहेरून मागवताना सीमाशुल्क धरून हिशेब करा. चुकीच्या मापाचा सूट परत पाठवणं महाग पडतं.

जुना घेताना मानेची कड, काखेच्या शिवणी आणि चेनचं खालचं टोक आधी पाहा. रबर हलकेच ताणा : बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर नको. छातीचा भाग चिमटीत दाबून सोडा. तो फुगून पुन्हा मूळ जाडीवर यायला हवा. दबलेलाच राहिला तर बुडबुडे गेलेले आहेत आणि तो सूट ऊबही देणार नाही, तरंगवणारही नाही. कापडी अस्तराला बुरशीचे ठिपके असतील तर किंमत कमी करून घ्या, तेवढ्यावरून सोडू मात्र नका.